चौथा पदार्थ

"चार किरणोत्सारी पदार्थ गायब आहेत," तपासनीस म्हणाला, "आणि ते तुमच्या वडिलांच्या ताब्यात होते."

थोरली खुर्चीच्या कडेवर बसली. प्रयोगशाळेचं काम सकाळपासून बंद होतं. किरणोत्साराचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर बाबांनीच लिहिलेलं. कुठला पदार्थ किती काळात निम्मा उरतो, त्यापासून किती लांब उभं राहायचं, सगळं ते सांगायचं. त्याच्या यादीत एकोणीस क्रमांक होते. शिशाच्या कपाटात पंधराच डब्या. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते, त्यामुळे चोर ठरवणं सोपं होतं.

"अहवालात त्यांचं नाव घालावं लागेल."

"त्या चार क्रमांकांच्या आत काय लिहिलंय ते वाचलंत?"

"आम्ही क्रमांक मोजतो. आतलं वाचत नाही."

"वाचा हो एकदा."

त्याने सोळावा क्रमांक उघडला. "सौ.चा राग. निम्मा व्हायला चाळीस मिनिटं. मी गप्प बसल्यास वीस." तो थांबला. "अशक्य. हा काळ कशानेही बदलत नसतो."

"तुमचं लग्न व्हायचंय वाटतं."

सॉफ्टवेअर नवं असताना बाबा ते असल्या खोट्या पदार्थांवर तपासून बघायचे. पुसायचं राहून गेलं होतं.

सतरा. मेहुण्याचा मुक्काम. निम्मा होत नाही. सुरक्षित अंतर: दुसरं गाव.

अठरा. थोरलीचा रुसवा. एक रात्र. आडोसा: वर्तमानपत्र.

तपासनीस ओठ घट्ट मिटून प्रत्येकापुढे 'अस्तित्वात नाही' असं लिहीत गेला. त्याचे खांदे मात्र हलत होते.

एकोणिसावी नोंद गेल्या वर्षीची होती. बाबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या तेव्हाची. तपासनीसाने ती वाचायला तोंड उघडलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

थोरलीचं रडणं, मी गेल्यावर. निम्मं व्हायला सहा महिने. सुरुवातीची तारीख: रिकामी.

"तारखेशिवाय हिशेब होत नाही," तो हळूच म्हणाला.

तिने कीबोर्ड ओढला, तारीख भरली. आकडा आला: शिल्लक पन्नास टक्के.

"हाही अस्तित्वात नाही, असंच लिहू ना?"

"सापडला असं लिहा. माझ्याकडे आहे." तिने नाक पुसलं. "आणि सॉफ्टवेअर दुरुस्तीला टाका. आकडा कमी दाखवतंय."