उरल्यासुरल्याची बिअर

“सांग, कसला वास आहे?” रॉडनीने बिअरला कडूपणा आणणाऱ्या हॉप्सच्या फुलांचं फाटकं पाकीट बायकोच्या नाकाखाली धरलं.

“थांब जरा. चष्मा कुठे ठेवला मी?”

“वास घ्यायला चष्मा लागतो तुला?”

“समोर पातेलं उकळतंय. तुझ्यासारखा चरचरून हात भाजून घेऊ?” ग्लेंडाने चष्मा लावला, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मग नाकाशी नेलं. “ग्रेपफ्रूटची साल. मागून थोडा पाइनचा चीक.”

“शिळा वास? जुन्या चीजसारखा?”

“नाही रे. झकास आहे.”

रॉडनीने फुलं गॅरेजमधल्या शेगडीवरच्या पातेल्यात टाकली. वाफ तोंडावर आली. गरम होती, एवढंच त्याला कळलं.

हॉप्स पिकवणाऱ्या याकिमाच्या खोऱ्यात राहायचं आणि नाक नसायचं, ही शिक्षाच होती. हॉप्सच्या सुगीत अख्खं गाव त्या कडवट हिरव्या वासात बुडतं, लोक गाड्यांच्या काचा खाली करून हिंडतात. दोन हिवाळ्यांपूर्वी नवरा-बायको एकाच तापाने अंथरुणाला खिळली. ग्लेंडा आधी उठली आणि स्वयंपाकाला लागली. रॉडनी उठला तो मेलेलं नाक घेऊन. “येईलही परत, किंवा नाहीही येणार,” डॉक्टर म्हणाला. एवढं सांगायला डॉक्टर कशाला लागतो? ते तर दारावरचा पोस्टमनही सांगेल.

लोक म्हणत, नाकच गेलं ना, डोळे तर शाबूत आहेत! पण रॉडनीला विचारा. कॉफी म्हणजे गरम पाणी झालं होतं, पाव म्हणजे कापूस. मुलीचं तान्हं बाळ पोटाशी धरलं, तेव्हा बाहुली धरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्याने बाळ लगेच परत दिलं आणि टीव्ही लावला. रडूही आलं नाही.

जिभेला एक कडूपणा तेवढा कळायचा. म्हणून त्याने ही हलकी, भरपूर हॉप्सवाली बिअर मांडली होती. हलकी अशासाठी, की जड बिअर पिऊन तो गेल्या हिवाळ्यात खुर्चीतच झोपायला लागला होता आणि ग्लेंडाने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या होत्या.

नवीन काही विकत आणायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पोत्याच्या तळाचं सातूचं माल्ट, अर्धवट उरलेली हॉप्सची पाकिटं, फ्रिजच्या कोपऱ्यात मागच्या बिअरमधून काढून ठेवलेलं यीस्ट. एवढ्यातून बिअर जमली तर पुढे चालू ठेवायचं. नाही जमली तर महिन्याभरानंतरच्या रविवारी मर्लने ट्रक आणायचा आणि पातेल्यासकट सगळा पसारा उचलून न्यायचा. मर्ल त्यांच्या घरी बिअर बनवणाऱ्यांच्या मंडळातला जुना दोस्त, तोंडाचा फटकळ.

“तू मासे पकडायचे गळ देऊन टाकलेस, चर्चमधलं गाणं सोडलंस,” ग्लेंडा एकदा म्हणाली होती. “आता हेही गेलं तर तू खुर्चीत बसशील आणि खुर्चीच होशील.”

काढा निवल्यावर रॉडनीने यीस्टची बरणी तिच्या हातात दिली. “हे मात्र नीट हुंग. इथे चुकलं की सगळं मोरीत.”

ग्लेंडाने बरणी फिरवली. झाकण बघितलं, बूड बघितलं. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. “कधीचं आहे हे?”

“ते तू सांगायचं. पूर्वी मी नुसतं झाकण उघडून सांगायचो. पावासारखा वास आला तर घालायचं, नाहीतर फेकायचं.”

तिने नाक बरणीत घातलं. बराच वेळ तशीच उभी राहिली.

“पावासारखा.”

“नक्की?”

“ताज्या पावासारखा, बाबा. घाल आता, किती जीव खातोस!”

त्याने घातलं. बिअर फसफसली, निवळली, बाटल्यांत भरली, झाकणं ठोकली.

ठरल्या रविवारी मर्ल आला. ट्रक गॅरेजच्या दारात उलटा लावून उतरला.

“आधी पाजशील की आधी सामान भरू?”

“आधी पी. मग बोल.”

“ग्लेंडा, हा मला धमकी देतोय का?”

“बस खाली, मर्ल,” ग्लेंडा म्हणाली.

रॉडनीने तीन पेले भरले. गवती रंग, वर पांढरा फेस. त्याने घोट घेतला. कडूपणा जिभेला डसला. कितीतरी दिवसांनी तोंडात काहीतरी घडलं होतं. त्याने ग्लेंडाकडे पाहिलं. तिने एका दमात अर्धा पेला संपवला होता.

“सुंदर झाली आहे,” ती म्हणाली. “आजवरची सगळ्यात चांगली.”

रॉडनीचे खांदे सैल झाले. मर्लने पेला ओठाशी नेला, थबकला, जेमतेम घोट घेतला आणि दाराबाहेर जाऊन थुंकला.

“अरे, उंदीर मेलाय का यात? जळक्या टायरवर मांस सडावं तसा वास मारतोय! गॅरेजमध्ये शिरतानाच येत होता. मला वाटलं तुमचं गटार फुटलं.”

मर्ल तोंड पुसत परत येऊन बसला.

“नासलंय, रॉडनी. यीस्ट सडलेलं होतं तुझं. हुंगलं नव्हतं का कुणी?”

रॉडनीने पेला टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. चढवण्याइतकं आत काही उरलं नव्हतं. “ग्लेंडा, कीव आली तुला माझी? दोन वर्षं मला थापा मारत होतीस? भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकावं तसं?”

ग्लेंडाने उरलेला अर्धा पेला घटाघट संपवला.

“सामान भर, मर्ल,” रॉडनी म्हणाला. “आधी पातेलं घे.”

मर्ल जागचा उठला नाही. तो ग्लेंडाच्या हाताकडे बघत होता. तिचा पेला रिकामा होता, तळापर्यंत. तोंड जरासुद्धा वाकडं झालं नव्हतं. वरच्या ओठावरचा फेस तिने बोटाने पुसला आणि मर्लकडे झुकून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं,

“फार घाण येते आहे का रे?”