कोर्मरीची समाधी

थोरली मुलगी सासरी गेली त्या १६८७ सालच्या हिवाळ्यात एलोआ तार्दिवेल आपल्या घरी हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यावर ‘कोर्मरीची समाधी’ वाजवत होता. वादक मेला की त्याच्या सोबत्यानं त्याच्या नावानं एक संथ रचना करायची आणि तिला समाधी म्हणायचं, अशी त्या मंडळींची रीत. ब्लेझ कोर्मरी ल्वार नदीत होडी उलटून बुडाल्याची बातमी आली होती. नेव्हेर गावातले सगळे गाणारे-वाजवणारे जमले होते.

एलोआचा आणि ब्लेझचा तीन वर्षं अबोला होता. एलोआनं बसवलेली एक सारबांद, म्हणजे संथ नाचाची रचना, ब्लेझनं ड्यूकच्या महालात स्वतःची म्हणून वाजवली होती. ब्लेझचा बोलबाला झाला. एलोआला कोणी विचारलं नाही. पण मेलेल्याशी कसलं भांडण, म्हणून एलोआनं त्याला मनातून माफ केलं आणि समाधी रचायला बसला. एवढं चांगलं त्याच्या हातून आजवर काही उतरलं नव्हतं.

दार उघडलं. चिखलानं भरलेल्या बुटांनिशी ब्लेझ आत आला. कोणीतरी किंचाळलं. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

“ब्लेझ भावजी!” एलोआची बायको पेरीन ओरडली. “अहो, तुम्ही मेला होतात ना?”

“होडी चुकली, वहिनी. खानावळीत बदक फार झकास शिजलं होतं.” मग तो एलोआकडे वळला. “थांबलास का रे? पुरायला घेतलंयस तर अर्ध्यावर सोडू नकोस.”

सगळे हसले. एलोआनं पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“मी मेलेल्या ब्लेझला माफ केलं होतं,” तो म्हणाला. “जिवंताचं त्यानं स्वतः बघावं.”

ड्यूकचा कारभारी पुढच्याच खुर्चीत बसला होता. त्या सारबांदेवर खूश होऊनच त्यानं ब्लेझला महालात नोकरी दिली होती. ब्लेझनं त्याच्याकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“साहेब, ती सारबांद याची आहे. मी चोरली.”

कारभारी उठला, हातमोजे चढवले आणि निघून गेला.

एलोआनं समाधी पुन्हा पहिल्यापासून वाजवली. ब्लेझ वाद्याला टेकून ऐकत राहिला.

“शेवटी सूर खाली खाली नेलेस,” तो म्हणाला. “लोक म्हणतील, मला नरकात धाडलंस.”

“जागेची चौकशी करूनच धाडलंय.”

“पण आता हिचं नाव बदलायला हवं,” पाद्रीबाबा म्हणाले. “माणूस तर धडधाकट आहे.”

“राहू द्या, बाबा. आज ना उद्या लागेलच याला,” एलोआ म्हणाला.

एलोआ तार्दिवेल १६९१ सालच्या फेब्रुवारीत तापानं वारला. ब्लेझ त्याच्या घरी गेला, त्याच वाद्यापाशी बसला, एलोआनं रचलेली तीच समाधी वाजवायला घेतली आणि जमलेल्यांना म्हणाला, “ऐका. तार्दिवेलची समाधी.” नेव्हेरमध्ये पुढे तेच नाव चाललं.

ब्लेझ कोर्मरी १७०४ सालच्या उन्हाळ्यात वारला. त्याच्या नावाची समाधी उरली नव्हती.