चोवीस बाद फोटो

“ताई, हे चोवीस फोटो बाद का केले, ते मला काही कळेना. तुम्ही बघून सांगाल?”

धाकटीने लॅपटॉप मोठ्या ताईंपुढे सरकवला. एक्स-रे विभागात बायका दोघीच, म्हणून सगळ्यांनी मिळून एकीला मोठ्या ताई केलं होतं आणि दुसरीला धाकटी. ताईंनी सावकाश चष्मा पुसला. अडला हरी म्हणतात तो असा, त्यांच्या मनात आलं. त्या म्हणीत आपल्या वाट्याला काय येतं, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

“हा बघ, पेशंटने श्वास सोडला. हा हलला. ही गळ्यातली साखळी, काढायला कुणी सांगितलं नाही. आणि याला मार्करच नाही! डावा हात की उजवा, कसं कळायचं? हा तुझाच असणार.”

“माझाच,” धाकटी हसली. “पहिल्या आठवड्यातला. केवढ्या ओरडला होतात. मार्कर आधी, पेशंट मग.”

ताईही हसल्या. त्यांचा स्वतःचा मार्कर खिशातच होता, शिशाचा ‘आर’. कधीतरी पडून त्याचा एक पाय तुटला होता, पण सव्वीस वर्षांत त्यांनी तो बदलला नव्हता. सगळा विभाग त्याला लंगडा आर म्हणायचा.

धाकटी ऑनलाइन एम.एस्सी. करत होती, मेडिकल इमेजिंग आणि रेडिएशनमध्ये. शेवटचं वर्ष होतं आणि प्रबंधाचा विषय होता, गेल्या काही वर्षांत बाद केलेले एक्स-रे. दुपारच्या सुट्टीत ती एका हाताने डबा खायची, दुसऱ्या हाताने टिपणं काढायची. लॅपटॉपमधले सर तिला नावाने हाक मारून शाबासकी द्यायचे. ताईंना सव्वीस वर्षांत कुणी शाबासकी दिली नव्हती. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, “ताई, जरा बघता का?” आता तेच म्हणायचे, “धाकटीला विचारा.” विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती कुणाला मिळणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. कालची पोर, आणि तिच्या हाताखाली आपण! हेव्याने ताईंच्या तोंडाची चव गेली होती. घास गिळताना समोर तो लॅपटॉप दिसायचा आणि घास फिरायचा.

“पण काय गं,” ताईंनी सहज विचारलं, “एवढे जुने फोटो तुला मिळाले कुठून? बाद केला की फोटो पुसला जातो ना?”

“नाही ताई. पडद्यावरून जातो, एवढंच. मशीनच्या पोटात सगळे असतात. एकही जात नाही.”

ताईंचा हात टेबलावर होता तिथेच थांबला. त्यांच्या काळी फिल्म बिघडली की टोपलीत जायची आणि विषय संपायचा.

सहा महिन्यांपूर्वीची ती दुपार. धाकटी लेक्चर ऐकायला गेली होती आणि तिचा बॅज खुंटीवर लटकत होता. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा हा बॅज इथे प्रत्येकाच्या छातीवर असतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. ताईंनी तो खुंटीवरून काढला, मशीनखाली ठेवला आणि कमरेच्या फोटोला लागतात तेवढे किरण त्याच्यावर सोडले. एकदा नाही, सहा वेळा. सहाही वेळा ‘बाद’ची कळ दाबली आणि बॅज परत खुंटीला लावला.

अहवाल आला तेव्हा धाकटीच्या घरी रडारड झाली. नवऱ्याने तीन-तीनदा तिचं रक्त तपासून घेतलं. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता, “जप गं स्वतःला” म्हणाल्या होत्या. नियमाप्रमाणे चौकशी संपेपर्यंत धाकटीला मशीनपासून दूर, नोंदणीच्या खिडकीत बसवलं गेलं. प्रमुखाची खुर्ची तात्पुरती ताईंना मिळाली. उद्या समितीची बैठक होती आणि खुर्ची कायमची होणार होती.

“पुढचा?” धाकटीने विचारलं.

“हलला,” ताई म्हणाल्या. पुढचा, हलला. त्याच्या पुढचाही हलला. त्या आता फोटो बघत नव्हत्या, उरलेले मोजत होत्या. दहा. आठ. सात.

“हे शेवटचे सहा एकसारखेच आहेत, ताई. एकच दाखवते.”

फोटो उघडला. त्यात हाड नव्हतं. मधोमध एक बॅज होता, त्याचा चिमटा आणि आतल्या तीन चकत्या अगदी स्वच्छ दिसत होत्या. मशीनवर फोटो फक्त ताईच काढतात असं थोडंच होतं? विभागात सात माणसं होती. ताईंनी तोंड उघडलं, “कुणीतरी...” म्हणाल्या, आणि त्यांची नजर फोटोच्या कोपऱ्यातल्या लंगड्या आरवर गेली. तो ठेवल्याचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. हात आपला सवयीने खिशात गेला असणार.

बाहेर कुणीतरी पेशंटचा नंबर पुकारला. धाकटीने यादी पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. तिचा आवाज जराही चढलेला नव्हता.

“कारणाच्या रकान्यात काय लिहू, ताई? मार्कर तर तुम्ही शिकवलात तसाच लागलाय.”