रिकामा खिळा

दिवे परत आले होते. दाराजवळच्या फळीवर कुणीतरी ओळीनं खिळे ठोकले होते, प्रत्येकाखाली खडूनं नंबर लिहिला होता आणि काल हारतुरे घालून, फोटो काढून वाटलेले दिवे त्यावर निमूट लटकत होते. जबाबदारीबाई दारातच थबकल्या.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. खाणकामाचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात त्या सामाजिक जबाबदारी विभाग सांभाळत. विभाग म्हणजे त्या स्वतः आणि एक कपाट. वृद्धाश्रमातल्या मंडळींनी पहिल्याच भेटीत त्यांचं बारसं उरकून टाकलं होतं.

आश्रमात सगळे बंद पडलेल्या खाणीतले जुने कामगार, नाहीतर त्यांच्या विधवा. वीज जायची आणि अंधारात जिन्यावरून कुणीतरी गडगडायचं. म्हणून बाईंनी कारखान्याच्या मालकांच्या मागे लागून हे दिवे मिळवले. खाणीत टोपीला लावतात तेच, नंबराच्या पितळी पट्टीसकट. "दिवे वापरताहेत असं दिसलं तर लिफ्टही देऊ," मालक म्हणाले होते. "नाहीतर पैसा दुसरीकडे लावू." आणि आज सकाळी ते बघायला येणार होते.

चुकलं कुठे? काल दिवे हातात घेताना म्हाताऱ्यांचे चेहरे काय फुलले होते! मग मालक माइकवर म्हणाले, "हे दिवे कायमचे तुमचे. परत करायची गरज नाही!" आणि टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शुभ बोला हो." बाईंना वाटलं, माइक खराब असेल.

त्या स्वयंपाकघरात धावल्या. "मावशी, चिडलेत का सगळे?"

"चिडायला काय झालंय?" स्वयंपाकीण म्हणाली. "काल वीज गेली तर दिवे लावून पत्ते कुटत बसले होते. उठल्या उठल्या टांगून आले."

"मग चहा तसाच का पडलाय?"

"थांबलेत म्हणे. कशासाठी ते मला नका विचारू."

त्या दाराशी परतल्या तेव्हा फळीसमोर सगळे म्हातारे उभे होते. पुढे मुकादम, पाठ ताठ. खाणीत या सगळ्यांची शिफ्ट त्यांच्याच हाताखाली असायची.

"मुकादम, दिव्यात काही खोट आहे का?"

"छे! झकास दिवा आहे."

"मग परत का केलात?"

"परत नाही करायचा?" मुकादमांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू जेवल्यावर हात का धुतलात असंच बाईंनी विचारलं होतं. बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला.

तेवढ्यात त्यांना एक खिळा रिकामा दिसला. खाली नंबर अठ्ठेचाळीस. म्हणजे एकीनं तरी दिवा ठेवून घेतला होता! हा नंबर बाईंच्या चांगला लक्षात होता. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी काल हातातला दिवा नाकारून, शेजारच्या म्हाताऱ्याशी भांडून हाच मागून घेतला होता. "आजी, लॉटरी लावताय की काय?" बाईंनी थट्टा केली होती. आजी हसल्या नव्हत्या. आजींचे यजमान तरुणपणीच खाणीत गाडले गेले, देहसुद्धा हाती लागला नाही, हे बाईंना नंतर कळलं आणि जीभ चावावीशी वाटली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाईंचा धीर सुटला. आता एकच उपाय, मालक आत यायच्या आधी दिवे ज्याच्या त्याच्या हातात कोंबायचे. त्यांनी पहिला दिवा काढायला हात घातला, तो मुकादमांनी मनगटच धरलं.

"बाई, हात लावू नका. दिवा खिळ्यावर आला म्हणजे माणूस वर आला. ज्याचा नंबर त्याचाच, जन्मभर. तुम्ही काढलात की आम्ही पुन्हा खाली."

"पण मालक..."

"मालक थांबतील. शेवटचा दिवा आल्याशिवाय शिफ्ट सुटत नाही. एकदा सुटली नाही, ती अजून सुटली नाही."

बाईंचा हात आपोआप खाली आला. दिवा कायमचा तुमचा, परत करू नका. काल भर सभेत, हार घालून, मालकांनी या माणसांना वर येऊच नका म्हटलं होतं, तेही बाईंच्याच कार्यक्रमात. त्यांना भयंकर ओशाळल्यासारखं झालं. पण मुकादमांचं शेवटचं वाक्य काही केल्या उलगडेना.

मालक दारात उभे होते. "हे काय? नकोत का यांना दिवे?"

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. कारखान्यात हे त्यांना कधी जमलं नसतं.

जिन्यावर पावलं वाजली. कठड्याला धरून आजी एकेक पायरी उतरत होत्या. हातात दिवा, लख्ख उजेडातही जळता. म्हातारे बाजूला सरकले. आजी फळीपाशी आल्या. त्यांनी पितळी पट्टी अंगठ्यानं पुसली, दिवा विझवला आणि अठ्ठेचाळीस नंबरच्या खिळ्यावर टांगला.

आजी मुकादमांकडे वळल्या.

"मुकादम, हे वर आले. सोडा आता शिफ्ट."