मॅग्नोलियाचा आडोसा

आगीत चेहरा भाजल्यापासून लॉरीन घराबाहेर पडलीच नव्हती. शेजारच्या खिडक्या थेट अंगणात उघडायच्या. म्हणून तिच्या सत्तरीच्या आईनं, व्हर्डेलनं, तारेच्या कुंपणालगत मॅग्नोलियाची अकरा रोपं लावली. बारा महिने हिरवं राहणारं दाट झाड.

शेजारचा हॉलिस खिडकीतून हसला. "मिस व्हर्डेल, गुडघ्याएवढी तर आहेत! आडोसा व्हायला दहा वर्षं लागतील."

"लागू देत. मला कुठं जायचंय?"

मिसिसिपीतल्या जुलैच्या उन्हात रोपांनी माना टाकल्या. व्हर्डेल गुडघा धरून बसली. "लॉरीन, माझ्याच्यानं बादली उचलवत नाही गं. तुझ्यासाठी लावलीत, आता तूच बघ."

पहिल्या दिवशी लॉरीन तोंडाला रुमाल बांधून बाहेर आली. आठवड्याभरानं उकाड्याला वैतागून तिनं तो काढून टाकला.

तिसऱ्या उन्हाळ्यात पहिली पांढरी कळी उमलली, तेव्हा कुंपणापाशी उभी राहून ती हॉलिसशी खतावरून तावातावानं भांडत होती. झाडं अजून तिच्या खांद्यालाही लागत नव्हती.