सांडूची फाईल

आशा गेल्याचं बद्रीनाथला वाळूजच्या कारखान्यात फोनवर कळलं. प्रयोगशाळेत काम करता करताच ती कोसळली होती. तो दवाखान्यात पोचला तेव्हा चतुराबाई सिस्टर दारात उभ्या होत्या. रडता रडता त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच :

“आता सांडूचं कसं व्हायचं, भाऊ?”

बायको आत चादरीखाली होती, आणि इथंही सांडूच.

डॉक्टर आशा लहान मुलांच्या सांध्यांवर संशोधन करायची. काही लेकरांच्या अंगातली राखण करणारी ताकदच उलटते, घरचा कुत्रा घरच्यांना चावावा तशी. मग गुडघे, मनगटं, बोटं सुजतात. अशी शंभरावर मुलं तिच्या नोंदींत होती. नोंदीत खरं नाव लिहायचं नसतं. बाकीच्यांना तिनं नुसते आकडे दिले होते. नाव दिलं होतं एकालाच.

अकरा वर्षं हा सांडू बद्रीनाथच्या ताटापर्यंत येत होता. जेवताना ती सांगायची, सांडूचं मनगट धरलंय, सांडू औषधाचं नाव काढू देत नाही. बद्रीनाथ भाकरी मोडत ऐकून घ्यायचा. पदरात मूल नव्हतं. दुसऱ्यांच्या लेकरांत तिचा जीव रमतो, हे त्यानं समजून घेतलं होतं. शंभरांचं त्याला काही वाटत नव्हतं. या एकाचं वाटायचं.

त्याच्या वाट्याला काय यायचं? टीव्ही बघताना त्याचा हात मांडीवर घेऊन ती एकेक पेर दाबत बसायची. नजर पडद्यावर. जपमाळ ओढावी तसं. आणि दिवाळीनंतर थंडी पडली की त्याचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, हातमोजे विणायला माप म्हणून. पहाटेच्या पाळीला गाडीवर जाताना त्याची बोटं आखडायची. गारठ्यानं, असं तो म्हणायचा. अकरा हिवाळे मापं झाली. मोजे एकदाही विणले गेले नाहीत. सांडूपुढं सवड कुठली?

एकदा जेवताना तिनं हात थांबवून विचारलं, सांडूला आता इंजेक्शनं सुरू करायलाच पाहिजेत, पण विषय काढला की तो उठून जातो. तुम्हीच सांगा, काय करू?

“मरू दे की त्याला,” बद्रीनाथ म्हणाला.

आशा ताट तसंच ठेवून उठली.

तेरावा झाल्यावर तो दवाखान्यात गेला. सांडूचा पत्ता घ्यायचा, त्याच्या दारात उभं राहायचं आणि ज्यानं आपली बायको वापरून संपवली त्याचं तोंड एकदा बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. चतुराबाईंनी चहा दिला. त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी ग्लास धरला.

त्यांनी सांगितलं, सांडूला दवाखान्यात कुणीच पाहिलेलं नाही. बाई त्याची मापं बाहेरूनच घेऊन यायच्या.

“पण सांडूच का?”

“आमच्याकडं लेकरं जगत नसली की तान्ह्याला उकिरड्यावर ठिवत्यात न् दुसऱ्यानं उचलायचं. मग सांडू नाव. मरणाला वाटावं, टाकलेलंच हाय, कशाला न्यायचं.” चतुराबाईंनी पदरानं नाक पुसलं. “बाई म्हणायच्या, चतुरा, बाकीच्यांसाठी औषध हाय. हा तेवढा माझ्या हातून जाऊ नये बघ.”

बद्रीनाथनं ग्लास खाली ठेवला. त्यानं फाईल मागितली. ती आशाच्या खासगी सामानातच निघाली.

आत पत्ता नव्हता. पहिल्या पानावर लिहिलं होतं : आठव्या वर्षी सुरू, घरच्यांनी अंगावर काढलं, अजून उपचार नाहीत. खाली अकरा कागद होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेला उजवा पंजा आणि हिवाळ्यातली तारीख. वर्षागणिक करंगळी थोडी थोडी आत वळत गेली होती.

बद्रीनाथनं शेवटच्या कागदावर आपला हात ठेवला. करंगळी रेघेत बरोबर बसली.

संमतीच्या सहीची जागा कोरी होती. शेजारी आशाच्या अक्षरात लिहिलं होतं : त्याला विचारायचं राहिलंय.