हललं की चावतो

भाचीच्या काचेच्या टाकीत वीतभर लांब ॲक्झोलॉटल होता, पाण्यात राहणारा सरड्यासारखा जीव, गालांना गुलाबी झालरी असलेला. मावशीने वाढदिवसाला हौसेने बोटभर पिल्लू आणलं ते सरळ त्याच टाकीत सोडलं. भाची किंचाळलीच.

"अगं, एकाच जातीचे आहेत ना? जोडी जमेल!"

"मावशी, त्याला धड दिसत नाही. तोंडापुढे हललं की चावतो. लहानाला वेगळंच ठेवावं लागतं."

मोठा तळावरून सरकत पिल्लाजवळ आला. मावशीने घाईघाईने जाळी उचलली.

"थांब! पाणी हलवू नकोस. बघ, पिल्लू कसं निपचित पडलंय. हललं नाही, तर तो तसाच पुढे जातो."

मोठा खरंच पिल्लाला घासून पुढे गेला. मावशीचा जीव भांड्यात पडला. पिल्लाला अलगद बादलीत काढत तिने विचारलं, "एवढं सगळं तुला कुणी शिकवलं गं?"

भाची तोंड उघडणार, तोच दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

"बाबा आले," ती कुजबुजली आणि होती तिथेच थिजली. आत स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या तिच्या आईची सुरीही थांबली.